कोशाच्या पाठीतली पत्रं

मला एक मोठा भाऊ आहे आणि तो मला विसरला, हे मी आयुष्यात इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या गल्लीतल्या मांजरांनाही ते पाठ झालं असेल. कुणाच्या घरी भावाबहिणीचं कौतुक निघालं की माझी जीभ सुटायची. भाऊ म्हणे! असला भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला मान्य आहे. एकावन्न वर्षांची झाले, लग्न केलं नाही, दिवसभर लोकांची फाटकी पुस्तकं शिवते. गोड बोलायला शिकवणारं काही त्या धंद्यात नाही.

तापाची मोठी साथ आली त्या वर्षी आमचे आईवडील पंधरा दिवसांच्या अंतरानं गेले. मी चार वर्षांची, दादा नऊचा. आम्हाला अनाथाश्रमात नेलं. तिथल्या लांब दालनात पोरांना भिंतीला टेकवून उंचीप्रमाणे उभं करायचे आणि ज्यांना मूल हवं असेल ते लोक यायचे. आमच्यासमोर एक बाइंडर आणि त्याची बायको येऊन थांबली. त्यांना मुलगी हवी होती, एकच हवी होती. दादानं माझा हात धरला होता, तो आश्रमातल्या बाईंनी एकेक बोट उलगडून सोडवला. एवढंच मला लख्ख आठवतं. आणि दादा ओरडला होता ते, की भिंगरे, मी दर वर्षी पत्र लिहीन, तू वाचायला शीक.

भिंगरी हे नाव त्यानंच ठेवलेलं, कारण मी स्वतःभोवती गरगर फिरून पडायची. नव्या घरात मला कुणी त्या नावानं हाक मारली नाही, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं.

मी वाचायला शिकले. सहाव्या वर्षी दुकानाच्या पाट्या वाचत होते. पोस्टमन दिसला की पायऱ्यांवरून उड्या मारत खाली यायचे. पत्र काही आलं नाही. मी बाबांना विचारायची आणि बाबा हातातलं काम बाजूला ठेवून म्हणायचे, "आलं असतं तर तुला दिलं नसतं का, पोरी?" असं म्हणताना ते इतक्या मायेनं बघायचे की मलाच लाज वाटायची. दहा वर्षांची होईपर्यंत विचारलं. मग विचारणं सोडलं आणि दादाला शिव्या द्यायला सुरुवात केली.

बाबा म्हणजे तो बाइंडर. आमचं दुकान खाली, वर दोन खोल्या. दुकान अरुंद आणि खोल, खिडकीशी कापायचं यंत्र, मागे दोन दाबयंत्रं, कोपऱ्यात मंद शेगडीवर सरसाचं भांडं. तो वास नव्या माणसाला सहन होत नाही. मला त्याच्याशिवाय झोप लागत नाही. बाबांनी मला शिलाई शिकवली, पुठ्ठा चढवणं शिकवलं, चामडं पातळ करणं शिकवलं. मी डावरी. त्या काळात डावऱ्या पोरांचा हात बांधून ठेवायचे. बाबांनी लोहाराकडून माझ्यासाठी उलट्या धारेचा चाकू करून घेतला. हे मी मुद्दाम सांगतेय. ते वाईट होते असं सांगता आलं असतं तर मलाही सोपं गेलं असतं.

त्यांचे नियम मात्र कडक. कागदाचा कपटाही फेकायचा नाही. पुस्तक शिवून झालं की त्याच्या पाठीवर सरस लावतात, त्यावर जाळीदार कापड, आणि त्यावर कागदाच्या लांब पट्ट्या. जाड पुस्तक असेल तर पट्ट्यांचे तीन-चार थर. वरून पुठ्ठा चढला की त्या पट्ट्या कुणालाच दिसत नाहीत, म्हणून तिथे कोणताच बाइंडर कोरा कागद वापरत नाही. जुनी पत्रकं, चुकलेली छपाई, कुणाच्या शाळेच्या वह्या, जे असेल ते. बाबा रुंदीप्रमाणे पट्ट्या कापून खणांत ठेवायचे, लिहिलेली बाजू खाली. लिहिलेली बाजू सरसात जायची. आणि काम करताना वाचायचं नाही, हा दुसरा नियम. वाचत बसलो तर पुस्तक शिवणार कोण, असं म्हणून ते पट्टीनं टेबलावर टकटक करायचे. मी कधी वाचलं नाही. मी शहाणी मुलगी होते ना!

आई, म्हणजे बाबांची बायको, बारा वर्षांपूर्वी गेली. त्याआधी मला एक स्थळ आलं होतं, चांगला माणूस होता, छापखान्यात फोरमन. पण तो दुसऱ्या शहरात जायचा होता आणि या दोघांना सोडून मी कशी जाणार? नको म्हटलं. बाबांचे डोळे भरून आले होते तेव्हा. आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत. हात कापतात म्हणून काम करत नाहीत, पण सकाळी खाली येऊन खुर्चीत बसतात आणि माझ्या शिलाईतले टाके मोजतात.

या वर्षी थंडी संपता संपता शहरातल्या वाचनालयाचं छप्पर गळलं. तिथल्या ग्रंथपालबाई, ज्यांना बाराही महिने सर्दी असते, त्या स्वतः हातगाडीबरोबर आल्या. मोठ्या शब्दकोशाचे पहिले सहा खंड भिजले होते. वरच्या फळीवरचे तेवढेच, खालचे आठ कोरडे. हा कोश आमच्याच दुकानातला. छापखान्यातून तो हप्त्याहप्त्यानं यायचा, वर्षाला एक खंड पुरा व्हायचा आणि बाबा तो बांधून वाचनालयाला द्यायचे. चौदा वर्षांत चौदा खंड. पहिला बांधला तेव्हा मी पाच वर्षांची, शेवटचा बांधला तेव्हा अठराची. खंड उतरवून घेताना बाबा खुर्चीतून उठले, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणाले, याला हात लावू नकोस, वाळव आणि तसाच परत दे. मी म्हटलं, पाठ सुटलीय बाबा, तसाच देऊन आपलंच नाव खराब व्हायचं. ते परत खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. शेजारच्या छापखानेवाल्यानं त्यांना नेलं आणि मी पहिला खंड खोलला. ओल्या फडक्यानं सरस मऊ केला, कापड सोललं, पट्ट्या एकेक सोडवून काचेवर पालथ्या घातल्या. सवयीनं मी वाचणार नव्हते. पण पट्टी सरळ करताना वरच्या टोकाला पेन्सिलीनं लिहिलेला एकच शब्द दिसला. भिंगरे.

मी खाली बसले. तिथे स्टूल नव्हतं, जमिनीवरच बसले.

चार पट्ट्या होत्या, एकावर एक चिकटवलेल्या. शेजारी शेजारी मांडल्यावर एक अख्खा कागद झाला, फक्त कापताना एखादं अक्षर गेलेलं. नऊ-दहा वर्षांच्या पोराचं हे एवढं मोठं अक्षर. मला काचेच्या कारखान्यात ठेवलंय, तुझा पत्ता आश्रमातल्या बाईंनी दिला, असं लिहिलं होतं. मी दिव्यांच्या काचा पुसतो. बूट मिळाले, पण दोन्ही डाव्या पायाचे. तू डावरी आहेस, तुला चालले असते. तुझे नवे आईबाबा तुला मारत तर नाहीत ना?

त्या दिवशी मी सहाही खंड फोडले. ग्राहक येऊन दार वाजवून गेला, उघडलं नाही. प्रत्येक खंडात त्या त्या वर्षीचं पत्र. तिसऱ्यात लिहिलं होतं, तुला अजून लिहिता येत नसेल, तर कागदावर नुसती रेघ मारून पाठव, मला कळेल. सहाव्यात लिहिलं होतं, रेघसुद्धा नाही. रागावलीस का? मी तुझा हात सोडला नव्हता, त्यांनी सोडवला.

आणि एक गोष्ट मला सरसातच दिसली. सरस लावताना ब्रशच्या रेघा राहतात. बाबांच्या रेघा उजवीकडे झुकतात, माझ्या डावीकडे. पहिले चार खंड बाबांचे होते. पाचव्याच्या आणि सहाव्याच्या पट्ट्यांवर सगळ्या रेघा डावीकडे झुकलेल्या. नऊ वर्षांची असताना मी दुपारी पोस्टमनची वाट बघायची आणि संध्याकाळी ही पत्रं पाठीत चिकटवायची. बाबांनी पट्ट्या कापून हातात दिल्या असतील, शाबास म्हणाले असतील. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. फक्त इथे केसही माझाच वापरला होता.

बाबा परत आले तेव्हा पट्ट्या टेबलावर मांडलेल्या होत्या. त्यांनी छापखानेवाल्याला जायला सांगितलं, खुर्ची ओढली आणि बसले. मला वाटलं होतं नाकबूल करतील. नाही केलं. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, त्यातलं बरंचसं लिहिण्यासारखं नाही. चोर म्हटलं, एवढं आठवतं. मी बोलून दमले तेव्हा त्यांनी सावकाश सांगितलं. त्यांची तीन मुलं जन्मताच गेली होती. मी आले आणि आई पहिल्यांदा हसली. भाऊ पत्र लिहीत राहिला असता तर मी भावाचीच राहिले असते, मोठी झाल्यावर त्याच्याकडे निघून गेले असते. ही भीती पहिल्या पत्राबरोबर घरात आली आणि गेलीच नाही. टपाल दुकानात यायचं, मी खाली पोचायच्या आत ते त्यांच्या हातात पडायचं. आईला यातलं काही माहीत नव्हतं, असं ते म्हणाले.

"मग जाळायची तरी होतीत," मी म्हटलं.

ते माझ्याकडे नवलानं बघत राहिले. "जाळायची? कागद चांगला होता, पोरी."

हसावं की रडावं मला कळेना. माणसानं माझा भाऊ पळवला आणि कागद वाया जाऊ नये म्हणून काळजी घेतली! जगात दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसानं ही चूक केली नसती. एखादा सुतार असता तर त्यानं पत्रं शेगडीत घातली असती आणि मी मरेपर्यंत त्याचे पाय चेपले असते.

मी विचारलं, पुढे किती वर्षं लिहीत होता? ते म्हणाले, आणखी थोडी. मग आपणहून थांबला. तो कधी इथे आला होता का? त्यावर बाबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हणाले, "तो कधी आला नाही. दारात आला असता तर मी अडवला नसता, एवढा पाषाण नाही मी. पण तो आला नाही." मग ते रडायला लागले. म्हाताऱ्या माणसाचं रडणं वाईट असतं, आवाज न करता नुसतं अंग हलतं. मी तशीच उभी राहिले. दोन दिवस मी त्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा चहा टेबलावर नेऊन ठेवला.

आता मला एकच गोष्ट हवी होती. दादा. जिवंत असेल तर छप्पन वर्षांचा असेल. शोधायचा कुठे? सहा पत्रांत कारखान्याचं नाव होतं, पण तो कारखाना मोठ्या लढाईत जळाला हे सगळ्यांना माहीत होतं. पुढचा पत्ता उरलेल्या आठ खंडांच्या पाठीत होता आणि ते आठही खंड धडधाकट, वाचनालयाच्या खालच्या फळीवर उभे.

ग्रंथपालबाईंना खरं सांगावं असं आधी वाटलं. पण त्या नियमाला चिकटून राहणाऱ्या. ठणठणीत पुस्तक फोडू द्या, त्यात माझ्या भावाची पत्रं आहेत, हे मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला पाणी प्यायला दिलं असतं आणि खंडांना कुलूप लावलं असतं. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा धंद्यात खोटं बोलले. गंभीर चेहरा करून सांगितलं की पहिल्या सहा खंडांच्या पाठीत कागद खाणारी कसर निघालीय, उरलेल्यांतही असणार, आत्ता काढली नाही तर सगळ्या वाचनालयात पसरेल. बाई शिंकल्या आणि घाबरून दुसऱ्याच दिवशी आठही खंड पाठवून दिले. वर माझे आभारही मानले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते खंड मी असे बांधून परत दिलेत की आणखी शंभर वर्षं बघायला नको.

सातव्या खंडापासून अक्षर सुधारत गेलं आणि मजकूर आटत गेला. आठव्यात तो काच फुंकायला शिकला होता. दहाव्यात कारखाना बदलला होता. बाराव्यात चारच ओळी, की लिहायची सवय लागलीय म्हणून लिहितो, उत्तर येईल असं आता वाटत नाही. तेराव्यात नव्या कारखान्याच्या वसाहतीचा पत्ता होता, गल्ली आणि खोलीच्या आकड्यासकट. आणि चौदाव्यात असं:

"भिंगरी, येत्या रविवारी मी येतोय. सकाळच्या गाडीनं येईन आणि तुमच्या दुकानासमोर उभा राहीन. तुला बोलायचं असेल तर बाहेर ये. नाही आलीस तर मी समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही."

यावरही रेघा डावीकडे झुकलेल्या. अठरा वर्षांची घोडी होते मी तेव्हा.

पट्ट्या घेऊन मी बाबांसमोर गेले. तुम्ही म्हणालात तो आला नाही. हे काय आहे? बाबांनी भिंग लावून वाचलं. मग म्हणाले की होय, लिहिलं होतं त्यानं. ते स्वतः त्या रविवारी सकाळपासून खिडकीशी बसून होते. कुणी आलं नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, तेव्हा ठरवलं होतं की आला तर वर बोलवायचं, सगळं कबूल करायचं. "बहुतेक त्यालाच धीर झाला नसेल," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. काय सांगू, मला त्यांची कीव आली. एवढं मोठं पाप पोटात घेऊन दिवसभर खिडकीशी बसलेला माणूस डोळ्यांपुढे आला आणि माझा राग अर्ध्यावर आला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. जाते मी, शोधून बघते, म्हटलं. ते म्हणाले, जा, पण इतक्या वर्षांनी त्या जुन्या गोष्टी उकरून त्याला दुखवू नकोस. त्यांच्या मोठ्या मनाचं मला कौतुकच वाटलं.

गाडीनं चार तास. वसाहत म्हणजे एकसारख्या विटांच्या खोल्यांच्या सहा रांगा, मागे भट्टीचं धुराडं. मला वाटत होतं की तो कधीच तिथून गेला असेल, पण काच फुंकणारी माणसं भट्टीपासून लांब जात नाहीत. पहिल्याच माणसानं दार दाखवलं.

दार त्यानंच उघडलं. गाल ढिले पडलेले, सारखी खोकल्याची उबळ. डोळे मात्र मी आरशात बघते तेच. मी म्हटलं, मी भिंगरी. तो बराच वेळ दाराची कडी धरून उभा राहिला. मिठी वगैरे काही मारली नाही. आत ये म्हणाला, खुर्ची पुसून दिली आणि स्वतः खाटेच्या टोकावर बसला. पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होता. बायको गेली, मुलगा भट्टीवर कामाला आहे, फुप्फुसं कामातून गेली आहेत म्हणून आता घरीच असतो. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यानं विचारलं, "तुझे बाबा आहेत का गं अजून?"

आहेत म्हटलं.

"त्यांना माझा नमस्कार सांग. देवमाणूस."

मला वाटलं चुकून ऐकलं. मी विचारलं, तू कधी भेटलास त्यांना? आणि मग त्यानं तो रविवार सांगितला.

तो सकाळच्या गाडीनं आला होता. दुकान बंद होतं, समोरच्या भिंतीशी उभा राहिला. थोड्या वेळानं बाबा खाली उतरले, रस्ता ओलांडून त्याच्याकडे आले. त्याला कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात नेलं. म्हणाले, ती वर पडद्यामागे आहे. तिनं तुला पाहिलं, मी खूप समजावलं, पण ती नको म्हणतेय, तिला जुनं काही आठवायचं नाही. हे सांगताना बाबांना रडू आलं. दादाचा हात त्यांनी हातात धरून ठेवला होता. गार वारा होता, तर स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून त्याला दिला. स्टेशनापर्यंत चालत आले, गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी थांबले.

"बापानं सोडायला यावं तसे आले," दादा म्हणाला. "तुझा राग आला मला, खोटं का बोलू? फार वर्षं आला. पण त्या माणसाला मी कधी विसरलो नाही. सख्खी बहीण पडदा ओढून बसते आणि परका माणूस आपल्यासाठी रडतो, असं मी पोराला सांगायचो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही दोघं सारखेच निघालो होतो. मी गल्लीभर त्याची निंदा करत होते आणि तो इथे माझी, आणि दोघांच्याही गोष्टीत बाबा तेवढे चांगले. चार दिवसांपूर्वी त्यांच्या खांद्यावर ठेवलेला हात मला तोडून टाकावासा वाटला. पत्रं लपवली ती भीतीपोटी, तेवढं मी कसंबसं गिळलं होतं. पण सगळं उघडं पडल्यावर, माझ्यासमोर बसून, रडत रडत ते पुन्हा खोटं बोलले होते. उकरू नकोस म्हणाले ते यासाठी.

मी पिशवीतून पट्ट्या काढल्या. सगळ्या नव्या कागदावर लावून आणल्या होत्या, चौदा वर्षांची चौदा पत्रं. दादानं पहिलं पत्र वाचलं, बुटांपाशी आला आणि थांबला. मग मी सगळं सांगितलं, अगदी डाव्या रेघांसकट. सांगितलं की पडदा नव्हताच कुठला, आमच्या खिडकीला त्या काळी पडदाच नव्हता. त्या रविवारी मी काय करत होते ते मला आठवतसुद्धा नाही, दादा. घरातच असेन. भांडी घासत असेन, नाहीतर गाणं म्हणत असेन.

तो खोकला आणि पाणी प्यायला.

"त्या माणसाच्या गळ्यात पडून मी रडलो गं."

तेव्हा कुठे त्यानं माझा हात धरला. आम्ही तसेच बसून राहिलो. निघताना तो म्हणाला, आठ दिवस राहायला ये. मी म्हटलं, एकदा घरी जाऊन येते.

घरी पोचले तेव्हा बाबा खाली दुकानात खुर्चीत बसलेले होते. शेजारच्या छापखानेवाल्यानं दिलेलं जेवण तसंच झाकलेलं होतं. भेटला का, असं त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच मऊ. मी म्हटलं, भेटला. त्यानं तुमचे आभार मानलेत, त्या रविवारी स्टेशनापर्यंत पोचवल्याबद्दल. मफलर फाटेपर्यंत वापरला म्हणाला.

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं आता माफी मागतील, निदान गप्प तरी बसतील.

"तू त्याला खरं सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत पश्चात्ताप नव्हता. दुखावलेपण होतं, आपल्या माणसानं दगा दिल्यावर येतं तसं.

"का सांगितलंस गं?" ते म्हणाले. "त्याच्या लेखी तरी मी चांगला होतो."

मी छापखानेवाल्याकडे जाऊन बाबांच्या दोन्ही वेळच्या जेवणाचं सांगून आले आणि वर जाऊन कपडे भरायला घेतले. दादा आठ दिवस म्हणाला होता. मी पुढच्या थंडीचेही घेतले.